राजाची मागणी

आमच्या गावात पोरं रडायला लागली की त्यांना बागुलबुवाची भीती घालत नसत. राजाची घालत. "चूप बस, नाही तं राजा येईन अन् शिक्षा देईन," एवढं कानावर पडलं की आम्ही हुंदका गिळून टाकत असू. हा राजा गोष्टीतला नव्हता. तो दरवर्षी दिवाळीनंतर खरोखर यायचा, बैलगाडीत बसून, कमरेला लाकडी तलवार लावून, आणि आमच्या मंडईत उभा राहायचा.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. बालाघाट-कटंगीकडे दिवाळी सरली की एकेका गावाची मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांना टेकायला जागा पुरत नाही, उंच बांबूला मोरपिसं बांधून गुरं राखणारे गोवारी नाचतात आणि दुपारी चौकात दंडार होते. दंडार म्हणजे नाच, गाणं आणि नाटक यांची खिचडी, आणि आमच्या लहानपणी त्या खिचडीतलं तूप म्हणजे हा राजा. वैनगंगेकाठच्या कुठल्याशा खेड्यातला हा माणूस दंडारीत नाचता नाचता इतका मोठा नट झाला की तुमसर, गोंदिया, भंडारा पार करून त्याचं नाव नागपुरापर्यंत गेलं. नाटक कोणतंही असो, तो राजाच व्हायचा आणि राजा दुष्टच असायचा. शेवटाकडे तो काठी आपटून तीनदा म्हणायचा, "शिक्षा! शिक्षा! शिक्षा!" पहिल्यांदा आभाळ फाटेल असा, दुसऱ्यांदा त्याहून खाली आणि तिसऱ्यांदा इतका हळू की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीच्याही पाठीतून काटा सरकून जायचा.

माझ्याजवळ त्या दुपारचं काय उरलंय म्हणाल, तर पिवळा उजेड. धान कापून झालेल्या बांध्यांवरून येणारा, धुळीतून गाळलेला उजेड, आणि त्यात त्याच्या अंगरख्याच्या टिकल्या लुकलुकायच्या. मी बाबांच्या खांद्यावर बसलेली असे आणि मला वाटे, हे आपण बघतोय की झोपेत आहोत? अजूनही ठरवता येत नाही. बाबांना तो नट म्हणजे जीव की प्राण. माय मात्र त्याच्याकडे पाठ करून बसायची. "दुष्टाचं तोंड कायले पाहावं," म्हणायची. तो दुष्ट नाही, दुष्टाचं सोंग घेतो, हे बाबांनी तिला शंभरदा समजावलं असेल. पण पालथ्या घड्यावर पाणी. तिचं म्हणणं, पोटात असल्याशिवाय ओठावर येत नाही.

मग छप्पन साल आलं, भाषेवरून राज्यांची वाटणी झाली. नागपूर आमची राजधानी होती, ती गेली. आम्ही जिथं होतो तिथंच बसून हिंदीच्या नव्या राज्यात गेलो. पुरुष पारावर बसून तावातावानं बोलत होते, कोणाचे सोयरे आता दुसऱ्या राज्यात, कोणाचं शेत बोलतं मराठी आणि तलाठी बोलतो हिंदी. मायनं एकच विचारलं, "चूल तं जागीच हाय नं?" चूल जागीच होती, म्हणून तिनं तो विषय सोडून दिला.

त्या वर्षीच्या मंडईला राजा आला, पण बैलगाडीतून नाही. जीपमधून आला. अंगात पांढरं धोतर आणि सदरा, तोंडाला रंग नाही, बरोबर मंडळी नाही. एक हिंदी बोलणारे साहेब मात्र होते. पुरुष माणसं तेव्हा गावाबाहेर कोंबड्यांच्या झुंजीकडे गेलेली. चौकात होत्या त्या बायका आणि आम्ही पोरं. राजा एका उभ्या बैलगाडीवर चढला. साहेबांना कळावं म्हणून असेल, किंवा आता राज्यच हिंदीचं म्हणून असेल, तो हिंदीत बोलायला लागला. आवाज तोच, आभाळ फाडणारा.

"आज से मैंने नाटक छोड़ दिया है। अब मेरा एक ही काम है। इस गाँव की एक-एक लड़की को शिक्षा दूँगा! घर-घर से ले जाऊँगा। एक भी लड़की नहीं बचेगी!"

आता हिंदीत शिक्षा म्हणजे शाळा, शिकवणं. हे आज मला माहीत आहे, कारण मी तीच शिक्षा देण्यात आयुष्य घालवलं. पण आमच्या बायकांना तेव्हा शिक्षा एकच ठाऊक होती, आणि ती देणारा माणूस जन्मभर डोळ्यांसमोर काठी आपटत आलेला होता. मग एकदम पळापळ. गावातल्या सगळ्या मुली डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब झाल्या. कोणी माळ्यावर, कोणी तणसाच्या ढिगात, कोणी गाईच्या मागे. मायनं मला काखेत मारलं, घरात नेलं आणि ढोलीत टाकलं. ढोली म्हणजे धान साठवायची माणूसभर उंच बांबूची कणगी, शेणानं सारवलेली. कापलेलं धान अजून मळून घरात आलं नव्हतं, म्हणून रिकामी होती.

आत अंधार होता आणि गेल्या वर्षीच्या भाताचा वास. एका जागी सारवण उडालेलं, तिथून दोऱ्याएवढा उजेड येत होता आणि त्यात भुसा तरंगत होता. बाहेर आपल्याला शिक्षा द्यायला राजा उभा आहे, हे मला माहीत होतं. तरी इतकं ऊबदार, इतकं निवांत मला कधी वाटलं नाही. मी काय गुन्हा केला ते आठवून पाहिलं. शेजारची बोरं पाडली होती. तेवढ्यासाठी राजा जीप घेऊन येतो म्हणजे बोरं कोणा मोठ्या माणसाची असावीत, असा विचार करता करता माझा डोळा लागला.

पुढचं मी पाहिलं नाही, झुंजीकडे गेलेल्या बाबांनीही नाही, पण बायांकडून ऐकून त्यांनी ते जन्मभर सांगितलं, आणि दर वेळी त्यात थोडी भर घातली. चौकात आता नुसत्या बाया उरलेल्या. नट विचारतो आहे, "लड़कियाँ कहाँ गईं?" तेव्हा माझी माय, जिनं त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, ती मुसळ घेऊन त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. डोईवरचा पदर घसरला त्याचंही भान नाही.

"माह्या पोट्टीनं काय गुन्हा केला, ते सांगा पहिले," ती म्हणाली. "मंग द्या शिक्षा."

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तो गाडीच्या जुवावर मटकन बसला. हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला, आणि ते पुसणं काही थांबेना. शेवटी आमच्याच बोलीत म्हणाला, "अवं माय, शाळा म्हनून राह्यलो मी. शाळा! हे लोकं शाळेलेच शिक्षा म्हनतात."

"मंग तसं म्हना नं!" मायनं त्याला सुनावलं आणि मुसळ घेऊन परत घरी आली. मला ढोलीतून काढलं तेव्हा माझ्या केसांत भुसा भरला होता आणि बाहेर अख्खं गाव हसत होतं.

हसून झालं म्हणून मुली गेल्या असं नाही. त्यानं बालाघाटातलं स्वतःचं घर मुलींच्या वसतिगृहाला दिलं होतं. शेजारी शाळा, वर राहणं-जेवण फुकट. आमच्या लोकांनी एक प्रश्न विचारला. सगळ्या जातींच्या पोरी एकाच पंगतीत जेवणार का? तो म्हणाला, हौ. झालं, विषय संपला. गावातून पहिल्या वर्षी गेल्या त्या फक्त बौद्ध वस्तीतल्या दोघी. त्या वस्तीतली माणसं त्याच दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती; शाळा या शब्दाचा अर्थ त्यांना कोणत्याही भाषेत सांगावा लागत नव्हता. त्या दोघींतली एक माझ्या वयाची. नदीवर आम्ही बरोबर खेळायचो, फक्त घरी आल्यावर बरोबर खेळल्याचं बोलायचं नाही.

पुढच्या दिवाळीत ती सुटीला आली. माय अंगणात आपली पत्र्याची पेटी उन्हाला ठेवून बसली होती. तुमसरच्या बाजारातून तिच्या वडिलांनी लग्नात घेऊन दिलेली पेटी, झाकणावर कमळाची फुलं आणि फुलांच्या मध्ये काही अक्षरं. मैत्रीण अंगणाच्या कडेला उभी होती. तिला आत ये म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. तिथूनच ती मान वाकडी करून एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "सु-खी रा-हा."

"काय?" माय म्हणाली.

"तुमच्या पेटीवर लिवलं हाय, मावशी. सुखी राहा."

मायला इतकी वर्षं वाटत होतं, तो दुकानदाराचा छाप आहे. बाबा दोन इयत्ता शिकलेले. पण बायकोच्या पेटीकडे कोण नवरा वाचायच्या नजरेनं बघतो! माय त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसली. तिचे वडील तेव्हा हयात नव्हते. मग तिनं मैत्रिणीला विचारलं, "तो राजा मारते का?"

"नाही, मावशी. तो तं भाजी चिरते."

पुढच्या जूनमध्ये मी छोट्या लाईनच्या गाडीत बसले. घरून पोह्यांचा डबा दिला होता, पंगतीतलं शिवू नको म्हणून बजावून. तो डबा कटंगीच्या स्टेशनवर गाडी सुटायच्या आधीच अर्धा झाला आणि बालाघाट येईपर्यंत संपला. संध्याकाळी भूक लागली, पंगतीत बसले, जेवले. इतक्या मोठ्या प्रश्नाचा निकाल इतक्या साध्या रीतीनं लागला.

त्या घराबद्दल मला काही विचाराल तर मी पडद्यांबद्दल सांगेन. नाटक सोडल्यावर त्यांच्याकडे (इथून पुढं त्यांना अरे-तुरे करवत नाही) रंगवलेले मोठाले पडदे उरले होते. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट, चांदण्यातली बाग. एक लांबलचक दालन होतं, कवेलूंचं छप्पर असलेलं. त्यात हे पडदे आडवे बांधून आम्हा मुलींच्या झोपायच्या जागा केल्या होत्या. मैत्रीण राजवाड्यात झोपायची. मला अरण्य मिळालं. पहाटे कवेलूंच्या फटींतून उजेड आला की रंगवलेली झाडं आधी निळी व्हायची, मग हिरवी. वाऱ्यानं पडदा हलायचा आणि झाडांच्या मागून कोणी चालत गेल्यासारखं वाटायचं. "आज तुझ्या जंगलात झोपू का?" असं आम्ही एकमेकींना विचारायचो, आणि नव्यानं आलेल्या पाहुण्यांना ते ऐकून काही उमगत नसे. कित्येक वर्षं मी स्वप्नं पाहिली ती त्या अरण्यातच. आजही डोळा लागता लागता मधूनच टर्पेंटाईनचा वास येतो.

राजाचे अंगरखेही वाया गेले नाहीत. मखमल उसवून आमच्या थंडीच्या बंड्या शिवल्या. आम्ही सगळ्या राजघराण्यातल्याच दिसायचो. वर मखमल, खाली ठिगळांचे परकर. टिकल्या गळून वरणात पडायच्या. ज्या मुलीच्या वाटीत टिकली निघेल ती त्या दिवसाची राणी, असा आम्ही नियम केला होता, आणि काही लबाड मुली आपल्याच बंडीची टिकली तोडून वाटीत टाकायच्या. मीही त्यांतलीच.

ते स्वतः ओसरीवरच्या खोलीत राहायचे. सकाळी भाजी चिरायचे, दुपारी आम्हाला बोलायला शिकवायचे. "गळ्यातून नको, पोटातून बोला. शेवटच्या माणसाले आयकू गेलं पायजे. नाही तं बोलू नका." आम्ही त्यांच्यामागे लागायचो, एकदा राजा करून दाखवा. ते कधी करत नसत. नाटक का सोडलं, हे एकदा मात्र त्यांनी सांगितलं. एका गावच्या मंडईला जाताना त्यांना तहान लागली, म्हणून विहिरीवर पाणी भरणाऱ्या एका लहान पोरीला त्यांनी पाणी मागितलं. तिनं वर पाहिलं, ओळखलं आणि घागर तिथंच टाकून किंचाळत पळाली. "टाळ्या मले खूप भेटल्या," ते म्हणाले, "पन तिनं टाकलेली घागर काही डोक्यातून जात नाही." आणि ते उरलेली भेंडी चिरत राहिले.

लोक त्यांना दानवीर म्हणायला लागले होते. आम्ही पाहत होतो ते निराळंच. त्यांच्याजवळ द्यायला होतं ते घर, शेत, पडदे, अंगरखे असं सगळं एकदाच देऊन झालेलं. मग तीस-चाळीस पोरी रोज जेवणार कशावर? तेव्हा ते बाजाराच्या दिवशी खांद्यावर पंचा टाकून कटंगीला जायचे, वारासिवनीला जायचे, उकव्याच्या खाणीतल्या मजुरांच्या वस्तीत जायचे आणि तांदूळ मागायचे. ज्यांनी रंगमंचावर फक्त हुकूम सोडले, ते उतारवयात मागायला शिकले. धान्याआधी मुली मागायचे. "पोरगी द्या जी, एका सालासाठी." आमच्याकडे पोरगी मागायला येणं याचा अर्थ एकच, लग्नाची मागणी. त्यामुळे दोन-चार ठिकाणी म्हाताऱ्या बायांनी त्यांना आधी वय विचारलं आणि मग हाकलून लावलं. हे ते स्वतःच आम्हाला रंगवून सांगायचे.

मी आठवीत होते तेव्हा मला खरीखुरी मागणी आली. तुमसरकडचं घर, पाण्याखालचं शेत, मुलगा देखणा. माझ्या वयाच्या मुलींची गावात लग्नं होऊन एखादं मूलही झालेलं होतं. माय मला न्यायला एकटीच आली. आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी गाडीत बसली होती. काखेत गाठोडं, गाठोड्यात माझ्यासाठी नवं लुगडं. मी तिला फाटकातून येताना पाहिलं. मला जायचं नव्हतं. मॅट्रिक व्हायचं होतं, पुढं मास्तरीण व्हायचं होतं, आणि हे सगळं आता हिच्या एका शब्दावर होतं.

ती कंबर कसून आली होती. राजाशी भांडायची तयारी तिनं सबंध प्रवासात केली असणार. ओसरीवर ते बसले होते. त्या वर्षी त्यांचा घसा गेला होता. तो आवाज, आभाळ फाडणारा, गेला तो गेलाच. बोलले तर वाळलेल्या पानांवरून चालल्यासारखं ऐकू यायचं.

"पोरीले न्याले आली मी," माय उभ्याउभ्याच म्हणाली. "मागणी आली हाय तिले. चांगलं घर हाय."

ते जागचे उठले. खाली ओसरीच्या पायरीशी येऊन, तिच्यासमोर जमिनीवर बसले. हात जोडले.

"मंग माही बी मागणी आयका, बाई. मी बी मांगून राह्यलो तिले. मॅट्रिक होईपावत."

माय गोंधळली. "तुमी राजे मानूस. हुकूम सोडाचा. मांगता काहून?"

"हुकूम सोडला का पोरी ढोलीत जातात, बाई."

मायनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटतं, तोंडाकडे शांतपणे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. सुरकुतलेला, गळा गेलेला एक म्हातारा होता, बस्स. ती वळली. माझ्यामागून दालनात आली. अरण्याच्या पडद्यावरून हात फिरवला, खरी झाडं नाहीत याची खात्री केली. माझी वही उघडून पाहिली, उलटी धरून. मग विचारलं, "कुठी झोपते तू? या झाडाखाली?" मी हौ म्हटलं. ती तिथं बराच वेळ बसून राहिली. दुपारची वेळ होती, वारा होता, झाडं हलत होती आणि त्यांच्या सावलीत बसलेली माझी माय मला एकदम लहान मुलगी वाटली. मी जवळ जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली आणि मी मनात म्हणत होते, आता नको बोलूस, अजून थोडा वेळ काहीच नको बोलूस.

संध्याकाळच्या गाडीआधी ती ओसरीवर गेली. ते अजून तिथंच होते.

"माह्या दारातून मांगनारा रिकाम्या हातानं गेला नाही आजपावत," ती म्हणाली. "ठेवा पोरीले."

आणि लुगड्याचं गाठोडं तसंच काखेत घालून ती गेली. फाटकाशी वळून मला म्हणाली, "तेल लावत जा डोक्शाले. कसे झाले केस!" तेवढंच.

मी त्या दिवशी आनंदानं अरण्यातून राजवाड्यात आणि राजवाड्यातून घाटावर उड्या मारत फिरले. मायला ते केवढ्याला पडलं, हे मला पुढं बाबांकडून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. मागणी मोडली म्हणून तुमसरच्या लोकांनी चारचौघांत तिला नाही नाही ते ऐकवलं. काकांनी आमच्या घरी जेवायचं सोडलं. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, हिनं पोरगी नाटक्याला विकली. मंडईला साऱ्या गावाच्या लेकी यायच्या, हिची यायची नाही, आणि आली तरी हिंदीत बोलायची. हो, तेही झालं. शाळा हिंदी, पुस्तकं हिंदी, आम्ही मुली आपसात हिंदी. सुटीत घरी गेले की मायच्या बोलण्यातला एखादा शब्द मला अडायचा आणि माझ्या बोलण्यातले दहा तिला. ती माझ्याकडे कौतुकानं बघायची, पाहुण्यांच्या मुलीकडे बघावं तसं. मला ते तेव्हा दिसलं नाही. आता आठवलं की जीव तुटतो.

मी मॅट्रिक झाले, त्याच शाळेत शिक्षिका झाले. मैत्रीण नर्स होऊन खाणीच्या दवाखान्यात गेली. सत्तरनंतरच्या एका हिवाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले असताना, ते गेले. शेवटी शेवटी ते कोणाशी बोलत नसत, नुसते हसायचे. कितीतरी दिवस मला वाटायचं, ते गेले नाहीत, घाटाच्या पडद्यामागं उतरून गेलेत, येतील.

शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. मंडप, लाऊडस्पीकर, टेबलावर फोटो. जिल्ह्यातली मोठी माणसं खुर्च्यांवर आणि मागे सतरंजीवर गावोगावच्या बाया, आमच्यासारख्या मुलींच्या आया. माय बाबांबरोबर आली होती. मी तिच्याजवळ सतरंजीवर बसून होते, कारण भाषणं हिंदीत आणि तिला कोणी तरी सांगायला हवं. एकामागून एक लोक उठत होते. दानवीर, महादानी, सर्वस्व का दान. मायनं मला कोपरानं ढोसलं.

"काय म्हनून राह्यले?"

"दानी होते म्हणतात. खूप दिलं म्हणतात."

तिनं फोटोकडे पाहिलं. त्यांच्याविषयी तिच्या मनात आता राग नव्हता. मरणाची बातमी ऐकून ती दिवसभर जेवली नव्हती. पण खोटं तिला कधी चाललं नाही.

"त्यानं कुठी देल्लं?" ती म्हणाली. "त्यानं तं मांगलं. देल्लं आमी."

हळू म्हणाली, पण पोटातून म्हणाली असावी. सतरंजीवरच्या आजूबाजूच्या बायांनी वळून पाहिलं, आणि एकेक करून माना हलवल्या. कोणी पदर डोळ्याला लावला.

तेवढ्यात मंचावरून माझं नाव पुकारलं. अशा वेळी आधी फोटोला हार घालायचा असतो. मी उठले आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, खाली वाकून मायच्या पायांना हात लावला. तिनं घाईघाईनं पाय मागं घेतले.

"हे काय करून राह्यली?" ती कुजबुजली. "लोकं पाहून राह्यले नं!"